डोक्यात करंट येतोय, म्हणजे आजार परत आला का?

पत्र (थोडं कापलंय, ओळख पटेल असे तपशील काढलेत):

"ताई, मी नाशिकची, वय 39. 2021 मध्ये कोविडमध्ये सासरे गेले, पाठोपाठ माझी नोकरी गेली, आणि छातीत धडधड, रडू, झोप नाही असं सुरू झालं. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली, तिच्यात एसिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 असं दोन्ही आहे. दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं. पुढे डॉक्टर पुण्याला गेले, मी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणत राहिले, अशी चार वर्षं झाली. आता सगळं छान चाललंय म्हणून स्वतःच सोडायचं ठरवलं. 15 दिवस अर्धी, मग 15 दिवस एक दिवसाआड अर्धी, मग बंद. आज बंद करून 11 दिवस झाले. डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात करंट बसतो, जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटते, घाम येतो, चित्रविचित्र स्वप्नं पडतात, झोप जेमतेम तीन तास, मुलावर खेकसते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. मिस्टर म्हणतात आजार परत आला. सासूबाई म्हणतात गोळ्यांची सवय लागली होती, आता सहन कर. मी सहन करू का परत सुरू करू? लहान बहीण समजून सांगा. ता.क. तीन आठवड्यांनी संगमनेरला भाचीचं लग्न आहे, जाऊ की नको?"

लहान बहीण म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते.

आधी एक काम कर, बाकीचं नंतर वाच. आजच्या आज एखाद्या सायकियाट्रिस्टला फोन लाव, पुण्याला गेलेल्या डॉक्टरांचा नंबर असेल तर त्यांनाच, नसेल तर नाशिकमधल्या कुणालाही, तेही जमत नसेल तर उद्या सकाळी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन बस, आणि पहिलंच वाक्य हे सांग की "चार वर्षं रोज घेतलेलं क्लोनाझेपाम मी महिन्याभरात बंद केलंय आणि बंद करून 11 दिवस झालेत". करंट, स्वप्नं, रडू हे सगळं त्यानंतर सांग. एवढी घाई का करतेय तर क्लोनाझेपाम म्हणजे तुझ्या गोळीतलं शांत करणारं, झोप आणणारं औषध, आणि वर्षानुवर्षं घेतलेलं ते पटकन थांबवलं तर काही जणांना फिट येऊ शकते. तुला येईलच असं अजिबात म्हणत नाहीये, पण ही घरात बसून "बघू सहन होतंय का" म्हणायची गोष्ट नाही. तोवर ॲक्टिव्हा नवऱ्याकडे दे, गच्चीवर वाळवणं घालायला एकटी चढू नकोस, आणि कपाटात जुनी स्ट्रिप असेल तर आपल्या मनाने अख्खी गोळी तोंडात टाकण्याआधी तोच फोन करून विचार की किती घेऊ.

झाला फोन? आता बोलू.

मिस्टर म्हणतात आजार परत आला. मला नाही तसं वाटत, आणि कारण तुझ्याच पत्रात आहे. 2021 मध्ये तुला काय होत होतं, धडधड, रडू, झोप नाही. तेव्हा डोळे फिरवल्यावर करंट बसत होता का? पायरी हलत होती का? नाही ना. आजार परत येतो तेव्हा तो साधारण आपल्या जुन्याच चेहऱ्याने येतो, आणि बहुतेक वेळा हळूहळू, काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी येतो. गोळी सुटण्याचा त्रास मात्र काही दिवसांतच सुरू होतो आणि सोबत पूर्वी कधीच नसलेल्या गोष्टी घेऊन येतो, डोक्यातला करंट ही त्यातली सगळ्यात ओळखीची खूण. त्याला इंग्रजीत ब्रेन झॅप म्हणतात, पण आपला करंट शब्दच जास्त बरोबर आहे. तिसरी खूण अशी की डॉक्टरांनी गोळी परत थोड्या डोसवर सुरू केली की हा त्रास बहुतेकांना दोन-चार दिवसांत उतरतो, आणि डिप्रेशन कधी दोन-चार दिवसांत उतरत नाही, त्याला आठवडे लागतात, तुलाही पहिल्या वेळी दोन महिने लागले होतेच की. रडू आणि चिडचिड मात्र दोन्हीकडे असते, तिथे गोंधळ होतो, म्हणून मिस्टरांना फार दोष देऊ नकोस, घाबरलेत ते. बऱ्याच डॉक्टरांचाही होतो हा गोंधळ.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. मी स्वतः पॅरोक्सेटीन, म्हणजे तुझ्या एसिटालोप्रामच्याच जातीचं डिप्रेशनवरचं औषध, सोडलंय आणि ती गोळी या बाबतीत फार वाईट, कारण ती शरीरातून झटकन निघून जाते. एसटीत खिडकीशी बसले होते, बाहेर बघायला मान वळवली की झण्ण, परत वळवली की परत झण्ण, मला वाटलं आता अर्धांगवायू होणार. तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले "गोळीमुळे असं काही होत नाही, तुम्ही नेटवर फार वाचता". डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी सावकाश सोडवली, 14 महिने लागले. असो, माझं पुराण पुरे.

आता सासूबाई. त्या अर्ध्या बरोबर आहेत आणि अर्ध्या चूक, आणि हे त्यांना जेवताना शांतपणे सांगता येईल असं आहे. एसिटालोप्रामची कुणाला तलफ येत नाही, कुणी ते चोरून जास्त घेत नाही, डोस वाढवत वाढवत नेत नाही, म्हणजे ज्याला आपण व्यसन म्हणतो ते इथे नाहीये. पण शरीर त्याच्याशी जुळवून घेतं हे खरं. बीपीसाठी ॲटेनोलॉल घेणाऱ्यांनाही डॉक्टर बजावतात की अचानक बंद करू नका, केली तर बीपी आणि छातीचं दुखणं उसळून येऊ शकतं, आणि त्याला कुणी "सवय लागली" म्हणून नाक मुरडत नाही. क्लोनाझेपामचं मात्र त्यांचं बरोबर आहे, त्याची सवय लागते, खरोखरची लागते, म्हणून ते मुळात थोडे आठवडेच द्यायचं औषध आहे आणि जुन्या चिठ्ठीवर चार वर्षं मिळायलाच नको होतं. त्यात 0.5 हा आकडा फसवा. पॉइंट फाइव्ह म्हणजे केवढंसं असं वाटतं ना? इंग्लंडात न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर होत्या, त्यांनी 1982 ते 1994 अशी बारा वर्षं फक्त या प्रकारच्या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं, त्यांच्या तक्त्यात अर्धा मिलीग्रॅम क्लोनाझेपाम म्हणजे त्याच जातीच्या डायझेपामचे 10 मिलीग्रॅम. आता ते केवढंसं नाही वाटत.

म्हणजे तू एका गोळीच्या नावाखाली दोन औषधं एकदम सोडलीस, आणि मुळात घोळ तिथे झालाय. आपल्याकडे ही जोडगोळी फार चालते, सुरुवातीला सोयीची पण असते, पण सोडायची वेळ आली की अडचण, कारण ती मोडली की दोन्ही एकाच वेळी अर्धी होतात, एकाला जागेवर ठेवून दुसरं कमी करता येत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे तुझी पहिली मागणी ही की दोन्ही वेगळ्या गोळ्या करून द्या. मग एक स्थिर ठेवून दुसरं हळूहळू उतरवायचं, ते पूर्ण झालं, मध्ये बरा काळ गेला की मग स्थिर ठेवलेलं. आधी कुठलं हे ते ठरवतील.

दुसरा घोळ दिवसाआड घेण्याचा. हे मला इतक्या पत्रांत दिसतं, आणि काही डॉक्टरसुद्धा सांगतात, म्हणून तुला बोल लावत नाहीये. पण हिशोब बघ, एसिटालोप्राम साधारण 30 तासांत रक्तात निम्मं होतं. रोज घेतलं तर पुढच्या गोळीपर्यंत निम्म्याहून थोडं जास्त शिल्लक असतं. दिवसाआड घेतलं तर 48 तासांनी जेमतेम एक तृतीयांश उरतं आणि मग परत गोळी, परत वर. म्हणजे डोस कमी होतोय असं आपल्याला वाटतं आणि मेंदूला मात्र रोज पाळण्यात बसवल्यासारखं वर-खाली. कमी करायचं तर रोज घेऊन, रोज थोडं कमी घेऊन.

तिसरी गोष्ट मला स्वतःला कळायला फार वेळ लागला. तू नाशिकची आहेस म्हणून तुला पटकन कळेल. मुंबईला निघालं की इगतपुरीपर्यंत कसं सगळं पठार, किती किलोमीटर गेलो तरी आपण खाली आलोय असं वाटत नाही, आणि मग कसारा घाट, थोडक्या अंतरात एकदम धाडकन खाली. गोळीचा असर अगदी तसाच उतरतो. 2019 मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोघांनी लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला (होरोविट्झ स्वतः अशी गोळी सोडताना होरपळलेला डॉक्टर आहे), त्यात मेंदूच्या स्कॅनवरून काढलेले आकडे आहेत. मेंदूत सेरोटोनिन नावाचं, मूडशी संबंध असलेलं रसायन परत ओढून घेणारे पंप असतात, ही औषधं त्यांना अडवून धरतात. सिटालोप्राम, म्हणजे तुझ्या एसिटालोप्रामचं थोरलं भावंड, 60 मिलीग्रॅम घेतलं तर सुमारे 88 टक्के पंप अडतात. 20 घेतलं तरी सुमारे 80. म्हणजे 40 मिलीग्रॅम कमी केले आणि फरक फक्त आठ टक्क्यांचा, हे पठार. आता पुढे बघ, 9 च्या आसपास 70 टक्के, साडेपाचच्या आत-बाहेर 60, सव्वादोनला 40, आणि एक मिलीग्रॅमपेक्षाही कमी घेतलं तरी 20 टक्के. शेवटच्या त्या टीचभर गोळीत 60 टक्क्यांचा उतार आहे! आणि आपण सगळे काय करतो, पठारावर जपून चालवतो आणि घाट लागला की "आता काय अर्धीच तर आहे" म्हणून न्यूट्रल करून सोडून देतो. तू नेमकं तेच केलंस. मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं.

म्हणून शेवटचे टप्पे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात लांब हवेत. 5 ची गोळी मिळते, तिचे तुकडे होतात, त्याच्याही खाली जायचं तर लिक्विड मिळतं का किंवा दुसरी काही सोय होते का हे डॉक्टरांना विचार. काही डॉक्टर अशा वेळी त्याच जातीच्या फ्लुओक्सेटीनवर आणतात, ते शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं त्यामुळे स्वतःच हळूहळू उतरतं, घाट आपोआप दुसऱ्या गिअरमध्ये. तुला ते योग्य का हे मी सांगू शकत नाही. आणि एक, ज्या गोळीच्या नावापुढे एक्सआर, सीआर, एसआर असं काही असतं ती मोडायची किंवा कुटायची नसते, तिचं सगळं औषध एकदम सुटतं. हे तुझ्यासाठी नाही, तुझ्यासोबत वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

तर तुझा प्रश्न, सहन करू की परत सुरू करू. माझं मत, सहन करू नकोस. परत मागे जाऊन स्थिर होणं म्हणजे हरणं नव्हे गं, घाटात चुकीच्या गिअरमध्ये उतरलीस, गाडी बाजूला घे, इंजिन थंड होऊ दे, मग परत. किती डोसवर मागे जायचं हे डॉक्टर ठरवतील, कदाचित पूर्ण डोस लागणारही नाही. स्थिर झालीस की काही आठवडे काहीच करायचं नाही, नुसतं बरं राहायचं. मग पहिली छोटी पायरी, दोन-चार आठवडे थांबायचं, त्रास आला तर तो ओसरेपर्यंत पुढची पायरी नाही. क्लोनाझेपामसाठी अमेरिकेतल्या 2025 च्या गाइडलाइनमध्ये सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के अशी आहे, यावरून वेगाचा अंदाज घे. तू एका दिवसात 50 टक्के केलं होतंस.

आता रोजचा त्रास कसा झेलायचा, कारण नीट सोडलं तरी थोडं होतंच. करंटवर औषध नाही, पण त्याने मेंदूला इजा होते असंही नाही, झोप कमी झाली की जास्त येतो आणि डोळे झरकन बाजूला नेले की येतो, त्यामुळे थोडे दिवस डोळ्यांसोबत अख्खी मान सावकाश वळवायची, हसू येईल पण फरक पडतो. चालत्या गाडीत मोबाइल स्क्रोल करणं बंद. चक्कर येते तेव्हा अंथरुणातून झटकन उठू नकोस, कडेला बसून मग ऊठ, पाणी आणि ताक भरपूर. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर. चहा दुपारी तीन-चारनंतर नको, माहितीये की नाशिककरणीला हे जड जाईल. स्वप्नांचं काही करता येत नाही, ती कमी होतात, मात्र पहाटे तीनला दचकून उठल्यावर घड्याळ आणि मोबाइल बघू नकोस एवढं कर. झोपेसाठी मेडिकलवाल्याकडून काहीतरी आणणं अजिबात नाही, आणि दारूचा एक घोटही नाही, ती क्लोनाझेपामसोबत धोक्याची आणि सोडताना झोपेचं वाटोळं करणारी. खोकला झाला तर सिरपच्या बाटलीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय का बघ, दुखण्यावर कुणी ट्रामाडोल दिलं तर सांग की मी एसिटालोप्राम घेते, ही दोन्ही या गोळीसोबत जुळत नाहीत. अश्वगंधा, ब्राह्मी वगैरे कुणीतरी सुचवेलच, आपल्याकडे सुचवतातच, तर ती घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि डोस बदलण्याच्या त्याच आठवड्यात तर नकोच, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

आणि लिहून ठेव. मोठी डायरी वगैरे नको, कुणी लिहीत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात रात्री तीन आकडे, चक्कर-करंट किती, मूड किती, झोप किती तास. डोस बदलला त्या दिवशी गोल. पाळीच्या तारखा तिथे असतीलच, आणि महिन्या-दोन महिन्यांत तुला दिसेल की पाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळंच चढतं, म्हणून त्या आठवड्यात डोस कमी करायचा नाही. डोस कमी करायला मुहूर्त बघायचा, फक्त पंचांगातला नाही, मुलाची परीक्षा नाही, घरात गौरी-गणपती नाहीत, सासूबाईंचं ऑपरेशन नाही असा. या चौकोनांमुळे अजून एक होतं, मिस्टर "परत आला" म्हणाले की बोट ठेवून दाखवता येतं की डोस बदलल्यावर तिसऱ्या दिवशी चढलं आणि दहाव्या दिवशी उतरलं.

मुलाला पण सांग हं. "आईचं औषध बदलतंय, त्यामुळे थोडे दिवस तिचा आवाज चढेल, तुझी चूक नाही." एवढंच. मुलं बाथरूममधलं रडणं ऐकतात आणि मग स्वतःच कारण शोधतात, आणि ते कारण बहुतेक वेळा ते स्वतःच असतात.

आता न आवडणारी गोष्ट. हे सगळं नीट करूनही आजार परत येऊ शकतो, ते लपवून उपयोग नाही. इंग्लंडात 478 लोकांवर एक अभ्यास झाला होता, 2021 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला, सगळे अनेक महिने-वर्षं गोळी घेत होते आणि आता बरे होते. निम्म्यांची गोळी हळूहळू बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली, कुणाला काय मिळतंय ते त्यांना माहीत नव्हतं. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, चालू असलेल्यांपैकी 39 टक्क्यांना. हे वाचून कुणी म्हणेल मग सोडूच नये, आणि कुणी म्हणेल 44 टक्के लोक सोडून नीट राहिले की, आणि घेत राहूनही 39 टक्क्यांना आलाच. दोघंही बरोबर. मी तुझ्या जागी असते तर पूर्ण बरी असताना, घरात फार उलथापालथ नसताना, सावकाश सोडून बघितलं असतं, पण परत आला तर परत घेईन आणि त्यात लाज बाळगणार नाही हे आधीच स्वतःशी ठरवून. आणि सगळ्यांनाच तुझ्याइतका त्रास होतो असंही नाही, 2024 मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज आली त्यात गोळी थांबवणाऱ्यांत साधारण 31 टक्क्यांना काही ना काही लक्षणं, आणि गंमत म्हणजे नुसती खोटी गोळी थांबवणाऱ्यांतही 17 टक्क्यांना, फार तीव्र त्रास 35 मधल्या एकाला. फक्त त्यातले बरेच अभ्यास थोडे महिने गोळी घेतलेल्यांचे होते, तुझ्यासारख्या चार वर्षांवाल्यांचे नाहीत, म्हणून मी तो आकडा जरा हात राखूनच वाचते.

तू लिहिलं नाहीस पण विचारते. "नसते तर बरं झालं असतं" असं मनात येतंय का? येत असेल, किंवा पुढे कधी आलं, किंवा एका जागी दोन मिनिटं बसवेनासं झालं, नसलेलं काही दिसायला-ऐकायला लागलं, किंवा झोप अजिबात नाही आणि तरीही अंगात भलतीच ताकद आलीये असं झालं, तर अपॉइंटमेंटची वाट नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फिट आली तर थेट 108.

बाकीच्या वाचकांनो, हे उत्तर हिच्या गोळीपुरतं आहे. तुम्ही लिथियम घेत असाल, व्हॅल्प्रोएट घेत असाल, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियासाठी काही चालू असेल, पोटात बाळ असेल, तर यातला एकही आकडा स्वतःला लावू नका, तिथे अचानक बंद केल्याचे परिणाम वेगळे आणि जास्त गंभीर असतात.

डॉक्टरांकडे जाताना रिकामी स्ट्रिप, जुनी चिठ्ठी आणि तारखांचा कागद ने, मिस्टरांनाही ने. विचार की पायरी केवढी, किती आठवड्यांनी, त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा आणि मध्येच गोळी विसरली तर काय. डॉक्टर म्हणाले "काही होत नाही, करा बंद", तर नमस्कार करून दुसरीकडे जा.

राहिलं लग्न. जा की, भाचीचं आहे. फक्त त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत डोसला हात लावायचा नाही हे डॉक्टरांना सांगूनच ठरव. गाडीत पुढच्या सीटवर बस, नजर लांब रस्त्यावर, गोळ्या पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत नको, त्या बॅगा नेहमी दुसऱ्याच गाडीत जातात. आदल्या रात्री मेंदी-हळदीला जागू नकोस, कुणी विचारलं तर पित्त झालंय सांग, लग्नघरात पित्ताला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. आणि वरातीत डीजेपासून लांब उभी राहा, तिथे तर गोळी न सोडलेल्यांच्याही डोक्यात करंट येतो.